बाळंतिणीच्या प्रत्येक कंबरदुखीला सहा आठवडे देऊ नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बाळंतपणानंतरच्या कंबरदुखीवर आपल्या आरोग्य पुरवणीत आलेला लेख मी लक्षपूर्वक वाचला. गरोदरपणात कटिराचे, म्हणजे ओटीपोटाभोवतीच्या हाडांच्या कड्याचे, अस्थिबंध सैल होतात, पोटाच्या भाराने कण्याचा तोल बदलतो, कळा देताना सांध्यांवर मोठा ताण पडतो आणि म्हणून पुढचे काही आठवडे कंबर, नितंब व जांघ दुखत राहते, हे लेखिकेने सोप्या भाषेत सांगितले आहे आणि त्यात चुकीचे काही नाही. घाबरू नका, सहा आठवडे थांबा, बहुतेकींचे दुखणे आपोआप ओसरते, हा सल्लाही योग्यच आहे. माझे म्हणणे त्या 'बहुतेकींत' न बसणाऱ्या स्त्रियांविषयी आहे. त्या संख्येने फार थोड्या असतात, परंतु त्यांच्यापैकी काहींच्या सांध्यात जंतुसंसर्ग झालेला असतो, सांध्यात पू साचत असतो, आणि अशा सांध्याला सहा आठवडे तर सोडाच, सहा दिवस देणेही धोक्याचे असते. लेखात या शक्यतेचा एका वाक्यानेही उल्लेख नाही, म्हणून हे पत्र.

मी स्त्रीरोग व प्रसूतितज्ज्ञ म्हणून अनेक वर्षे काम करून आता निवृत्त झाले आहे. लेखिकेला जो दोष मी देते आहे तो माझ्याही पदरी आहे, हे आधीच सांगितलेले बरे. एका पहिलटकरणीची प्रसूती माझ्या देखरेखीखाली अगदी सुरळीत झाली. सहाव्या दिवशी तिच्या उजव्या नितंबात दुखू लागले. मी तिला झोपल्या जागी तपासले, टाके पाहिले, गर्भाशय नीट आकसत असल्याची खात्री केली, आणि 'प्रसूतीनंतर असे होते' असे सांगून वेदनाशामक गोळ्या लिहून दिल्या. नवव्या दिवशी ती पुन्हा आली तेव्हा तिला कुशीवर वळता येत नव्हते आणि उजवा पाय टेकवला की डोळ्यांत पाणी येत होते. ताप नव्हता. ईएसआर, म्हणजे शरीरातला दाह सुचवणारी रक्ततपासणी, 80 आला होता. बाळंतिणीत तो वाढलेलाच असतो म्हणून मी तो बाजूला ठेवला. गोळ्या वाढवल्या आणि व्यायामतज्ज्ञाकडे चिठ्ठी दिली. तेराव्या दिवशी हुडहुडी भरून ताप आला, तेव्हा कुठे रक्ताचे कल्चर, म्हणजे जंतू वाढवून पाहण्याची तपासणी, पाठवले गेले, एमआरआय झाला आणि उजव्या सॅक्रोइलिॲक सांध्यात, म्हणजे कमरेखालचे हाड नितंबाच्या हाडाला मिळते त्या सांध्यात, पू असल्याचे कळले. कल्चरमध्ये स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जंतू वाढला. तो आला कोठून याचा शोध घेताना तिच्या डाव्या हाताच्या मागच्या बाजूला, सलाईनची सुई लावली होती तेथे, एक लालसर, दुखरी गाठ सापडली. ती गाठ तिने परिचारिकेला दाखवली होती. मी मात्र तो हात एकदाही पाहिला नव्हता.

त्या रुग्णालयात सर्व तपासण्या उपलब्ध होत्या, हाडांचे तज्ज्ञ शेजारच्या मजल्यावर होते. उशीर झाला तो सुविधेअभावी झाला नाही. तिच्या दुखण्याला उत्तर माझ्याकडे आधीच तयार होते म्हणून झाला. नंतर सहकाऱ्यांशी बोलताना लक्षात आले की या आजाराच्या निदानाला होणारा विलंब बहुधा असाच घडतो. प्रसूतितज्ज्ञ कटिर शिकतात ते बाळाच्या वाटेची मापे म्हणून; त्या वाटेच्या भिंतींत सांधे आहेत आणि त्यांनाही इतर सांध्यांसारखे आजार होऊ शकतात, हे आम्ही परीक्षेपुरते वाचतो. अस्थिरोगतज्ज्ञांकडे ती स्त्री गेलीच, तर बाळंतीण म्हटल्यावर 'आधी प्रसूतितज्ज्ञांना दाखवा' असे ऐकून परत येते. दोन्ही विभागांच्या चिठ्ठ्या फायलीत लागत राहतात आणि सांध्यातला पू काही चिठ्ठीची वाट पाहत नाही.

सांध्यात जंतू पोहोचतात ते बहुतेक वेळा रक्तावाटे. सांध्याच्या आतले अस्तर रक्तवाहिन्यांनी भरलेले असते आणि त्या वाहिन्यांना जंतू अडवणारे पक्के आवरण नसते, त्यामुळे रक्तात उतरलेला जंतू तेथे सहज ठाण मांडतो. बाळंतिणीच्या शरीरात अशा जंतूंना दारे अनेक असतात: गर्भाशयातली वार सुटलेली ओली जागा, योनिमार्गाचे किंवा पोटाचे टाके, मूत्रमार्गातली नळी, स्तनाग्राला पडलेली भेग आणि स्तनातला गळू, आणि माझ्या अनुभवातल्याप्रमाणे साधी सलाईनची सुई. स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा यातला सर्वांत नेहमीचा जंतू. त्याखालोखाल अ आणि ब गटांतले स्ट्रेप्टोकॉकस आणि मूत्रमार्गातून येणारा ई. कोलाय यांचा विचार करावा लागतो. अ गटातल्या स्ट्रेप्टोकॉकसचा तर बाळंतिणीशी जुना दावा आहे. 1847 मध्ये व्हिएन्नाच्या रुग्णालयात इग्नाझ सेमेलवाइस यांनी डॉक्टरांना क्लोरिनच्या पाण्याने हात धुवायला लावले आणि बाळंतज्वराने होणारे मृत्यू झपाट्याने खाली आणले, तेव्हा जंतू कोणी पाहिलेला नव्हता. 1879 मध्ये पॅरिसमधल्या वैद्यकीय सभेत लुई पाश्चर यांनी फळ्यावर गोल मण्यांच्या माळेसारखी आकृती काढून तो दाखवला. प्रतिजैविकांच्या काळात बाळंतज्वराची दहशत ओसरली, तरी या जंतूचा गंभीर संसर्ग होण्याची शक्यता इतर स्त्रियांपेक्षा बाळंतिणीत आजही कित्येक पटींनी अधिक असते.

आता कोणत्या सांध्यांकडे पाहायचे? गुडघा, घोटा किंवा मनगट यांत संसर्ग झाला तर सूज, लाली आणि उष्णता दिसते आणि निदान फारसे चुकत नाही. घोटाळा होतो तो खोलवरच्या सांध्यांत. कमरेखालचे त्रिकोणी हाड, म्हणजे त्रिकास्थी, दोन्ही बाजूंच्या नितंबास्थींना जेथे मिळते तो सॅक्रोइलिॲक सांधा; पाठीच्या खालच्या टोकाशी दोन्ही बाजूंना ज्या दोन खळ्या दिसतात, त्यांच्या खाली तो असतो. त्याच्यावर स्नायूंचे आणि अस्थिबंधांचे इतके जाड थर आहेत की आत पू झाला तरी बाहेर सूज दिसत नाही. शिवाय त्याचे दुखणे स्वतःच्या जागी राहत नाही. ते नितंबात जाणवते, मांडीच्या मागून उतरते तेव्हा सायटिका वाटते, पुढे ओटीपोटात जाणवते तेव्हा गर्भाशयाचा किंवा आंत्रपुच्छाचा संशय येतो, आणि खुब्यात जाणवले की भलत्याच सांध्याचा एक्स-रे निघतो. दुसरा सांधा म्हणजे ओटीपोटाच्या खाली पुढच्या बाजूस दोन जघनास्थी जोडणारा, ज्याला डॉक्टर सिंफिसिस म्हणतात. एरवी त्यात चार ते पाच मिलिमीटर फट असते, गरोदरपणात ती आणखी दोन-तीन मिलिमीटर वाढते आणि दहा मिलिमीटरच्या पुढे गेली तर जोड उसवला असे मानतात. हा उसवलेला जोड आणि जंतुसंसर्ग झालेला जोड, दोहोंतही स्त्री बदकासारखी डुलत, मांड्या न फाकवता चालते. म्हणून एक्स-रेत फट रुंद दिसली की कारण सापडल्याचे समाधान मानले जाते आणि संसर्गाचा विचार मागे पडतो. तिसरा सांधा खुब्याचा. त्याला संसर्ग झाला तर स्त्री पाय किंचित दुमडून आणि बाहेरच्या बाजूला वळवून पडून राहते, कारण त्या स्थितीत सांध्याच्या पिशवीत पाण्याला सर्वांत जास्त जागा मिळते.

या साऱ्यात पहिले निदान खाटेशेजारीच होते. सैल झालेल्या अस्थिबंधांचे दुखणे साधारणपणे दोन्ही बाजूंना असते, हालचालीने वाढते, पडून राहिल्यावर कमी होते आणि दिवसागणिक थोडे थोडे ओसरते. संसर्गाचे दुखणे बहुधा एका बाजूचे असते, एक-दोन दिवसांत चढते, विश्रांतीने थांबत नाही, रात्री झोपू देत नाही आणि त्या पायावर भार घेऊ देत नाही. 'दुखते का?' या प्रश्नाला प्रत्येक बाळंतीण 'हो' म्हणणार, त्यामुळे त्या प्रश्नाने काहीच कळत नाही. 'काल जितके दुखत होते त्यापेक्षा आज जास्त आहे का, एकाच बाजूला आहे का, आणि बाळाला घेऊन खोलीभर चालता येते का?' असे विचारले तर पुष्कळ कळते. तपासण्याचेही तसेच. पाठीवर निजलेल्या स्त्रीचा सरळ पाय नुसता हलकेच आत-बाहेर लोळवला आणि ती कळवळली, तर खुब्याचा विचार करावा. तो पाय मोकळा लोळतो, परंतु टाच दुसऱ्या गुडघ्यावर ठेवून गुडघा बाहेर दाबला की नितंबात खोलवर कळ उठते, तेव्हा सॅक्रोइलिॲक सांध्याकडे वळावे. या दोन तपासण्यांना दोन मिनिटे लागतात आणि कोणतेही यंत्र लागत नाही. मी त्या सहाव्या दिवशी केल्या असत्या तर हे पत्र लिहिण्याची वेळ आली नसती.

तापाविषयी एक गैरसमज लोकांत आणि डॉक्टरांतही घट्ट बसलेला आहे. सांध्यात पू झाला तर ताप हवाच, असे धरून चालतात. प्रत्यक्षात सांध्याचा जंतुसंसर्ग झालेल्या प्रौढ रुग्णांपैकी मोठ्या संख्येच्या लोकांना तपासणीच्या वेळी ताप नसतो. बाळंतिणीत तर तो आणखी झाकला जातो, कारण टाक्यांच्या दुखण्यासाठी तिला पॅरासिटामॉल किंवा डायक्लोफिनॅक दिवसातून दोन-तीनदा चालू असते आणि ही औषधे दुखण्याबरोबर तापही उतरवतात. सिझेरियनच्या वेळी दिलेले प्रतिजैविकही असाच पडदा टाकते. त्याने संसर्ग पुरता जात नाही, पण त्याचा आवाज बसतो. म्हणून तापमापकाचा आकडा लिहिताना शेवटची गोळी किती वाजता घेतली हेही शेजारी लिहिण्याची सवय परिचारिकांना लावावी, असे मला वाटते.

रक्ताच्या तपासण्यांची गत अधिक विचित्र आहे, आणि लेखिकेने पुढच्या लेखात याच भागाला जागा द्यावी अशी माझी इच्छा आहे. प्रयोगशाळेच्या अहवालावर छापलेल्या सामान्य मर्यादा बाळंतिणीच्या नसतात. पांढऱ्या पेशी एरवी अकरा हजारांच्या आत हव्यात. कळा देताना आणि लगेच नंतर त्या कोणताही संसर्ग नसता 25,000 पर्यंत चढू शकतात आणि मग काही दिवसांत खाली येतात. ईएसआर गरोदरपणात रक्तातले फायब्रिनोजेन वाढल्यामुळे चढतो, शेवटच्या तिमाहीत निरोगी स्त्रीतही 70 च्या आसपास दिसू शकतो आणि प्रसूतीनंतर कित्येक आठवडे चढलेलाच राहतो, त्यामुळे या काळात त्याच्या एकट्या आकड्यावरून कोणताही निष्कर्ष काढता येत नाही. सीआरपी हे दाह झाला की रक्तात वाढणारे प्रथिनही प्रसूतीच्या श्रमाने वाढते, सिझेरियननंतर अधिकच वाढते. परंतु त्याच्या वागण्यात एक उपयोगी गुण आहे. वाढीचे कारण संपले की रक्तातले त्याचे प्रमाण साधारण 19 तासांत निम्मे होते. म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वर गेलेला सीआरपी आठवड्याभरात उतरायला हवा. तो उतरता उतरता थांबला, किंवा दहाव्या दिवशी पुन्हा चढू लागला, तर त्याला बाळंतपण जबाबदार नाही. कारण दुसरीकडे शोधले पाहिजे. एकदा केलेला सीआरपी बाळंतिणीत जवळजवळ मुका असतो, एक दिवसाआड दोनदा केलेला बोलू लागतो. उलट बाजूने हेही खरे की सीआरपी फारसा वाढलेला नाही एवढ्यावरून संसर्ग नाही असे ठरवणे घाईचे आहे. माझ्या रुग्णाचा ईएसआर मी बाजूला सारला यात तसे पाहता चूक नव्हती. त्याच्या जागी दुसरे काहीच मागवले नाही, ही चूक होती.

प्रतिमांच्या तपासण्यांत एक्स-रेकडून लवकर निदानाची अपेक्षा ठेवू नये. हाडाची झीज एक्स-रेत दिसण्याजोगी व्हायला दोन आठवडे किंवा अधिक लागतात आणि तोवर सांध्याची कूर्चा बरीच खर्ची पडलेली असते. पहिल्या आठवड्यातला स्वच्छ एक्स-रे दाखवून 'हाडात काही नाही' असे सांगितले जाते, त्याचा अर्थ इतकाच की हाड अजून मोडीत निघालेले नाही. खुबा आणि गुडघा यांतले पाणी सोनोग्राफीत चांगले दिसते, तिला वेळही लागत नाही आणि त्याच बैठकीत सुईने ते पाणी काढता येते. सॅक्रोइलिॲक सांध्यासाठी मात्र एमआरआयला पर्याय नाही. हाडाच्या मगजात सूज आली, सांध्यात पाणी जमले, भोवतालच्या स्नायूंत पू उतरला, हे तो पहिल्या काही दिवसांतच दाखवतो.

येथे उलट दिशेचा सापळाही आहे आणि तो सांगितल्यावाचून राहवत नाही. नुकत्याच प्रसूत झालेल्या, काहीही त्रास नसलेल्या स्त्रियांचे एमआरआय काढून पाहिले गेले आहेत, आणि पहिल्या काही दिवसांत त्यांपैकी निम्म्याहून अधिक जणींच्या सॅक्रोइलिॲक सांध्यालगतच्या हाडात सूज आढळली आहे. ती सूज केवळ ताणाची असते आणि काही महिन्यांत बहुतेकींत ओसरते. त्यामुळे अहवालात 'सॅक्रोइलायटिस', म्हणजे या सांध्याचा दाह, हा शब्द वाचून एखादीला जंतुसंसर्ग आहे असे ठरवणे, किंवा तिच्या कपाळी अँकिलोझिंग स्पाँडिलायटिससारख्या जन्मभराच्या संधिवाताचा शिक्का मारणे, हीदेखील तितकीच मोठी चूक ठरेल. सूज एकाच बाजूला आहे का, सांध्याच्या आत पाणी आहे का, सूज हाडाची सीमा ओलांडून समोरच्या स्नायूंत गेली आहे का, तेथे पुवाची पिशवी दिसते का, या खुणा संसर्गाकडे बोट दाखवतात. क्ष-किरणतज्ज्ञांना विनंतीपत्र लिहिताना 'कंबरदुखी' एवढेच न लिहिता प्रसूतीची तारीख, दुखण्याची बाजू आणि तापाची हकीकत लिहिली, तर अहवाल देणाऱ्यालाही या दोन सुजांत फरक करणे सोपे जाते.

परंतु प्रतिमा कितीही बोलकी असली तरी जंतूचे नाव ती सांगत नाही. ते सांध्यातल्या पाण्याने किंवा रक्ताने सांगायचे असते, आणि म्हणून पहिल्या प्रतिजैविकापूर्वी दोन वेगवेगळ्या जागांहून रक्ताचे कल्चर घेणे आणि शक्य असेल तेथे सांध्यातले पाणी काढणे, या क्रमात सवलत असू नये. रुग्ण रक्तदाब घसरून गंभीर झालेली असेल तर गोष्ट वेगळी. तेथे रक्त घेऊन लगेच औषध सुरू करावे आणि सांध्याची सुई त्याच्या मागोमाग यावी. निरोगी सांध्यातल्या पाण्यात पांढऱ्या पेशी एका घन मिलिमीटरला 200 च्याही आत असतात. त्या 50,000 च्या पुढे गेल्या आणि त्यांतल्या नव्वद टक्क्यांहून अधिक न्यूट्रोफिल या प्रकारच्या असल्या, तर संसर्ग जवळजवळ गृहीत धरावा. मात्र सुरुवातीला आकडा याहून बराच कमी असू शकतो, त्यामुळे कमी आकडा म्हणजे सुटका नव्हे. काचपट्टीवर रंगवून पाहिले असता निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून अधिक रुग्णांत जंतू दिसतच नाहीत. कल्चर त्याहून पुष्कळ भरवशाचे, आणि काढलेले पाणी थेट रक्ताच्या कल्चरच्या बाटलीत घातले तर जंतू वाढण्याची शक्यता आणखी सुधारते. सॅक्रोइलिॲक सांध्यात सुई सीटी स्कॅनच्या आधाराने घालावी लागते. सुईची भीती नातेवाइकांना वाटते आणि कधीकधी डॉक्टरांनाही, पण नाव न कळलेल्या जंतूवर अंदाजाने आठवडेच्या आठवडे औषधे देण्यापेक्षा ती सुई केव्हाही परवडते.

कल्चर कोरे आले म्हणून प्रकरण मिटले असेही समजू नये. गोनोकॉकस हा परमा या लैंगिक आजाराचा जंतू गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर रक्तात पसरून सांधे धरू शकतो. त्यात दुखणे एका सांध्यातून दुसऱ्यात फिरते, कातडीवर तुरळक पुटकुळ्या येतात, मनगटाच्या स्नायुबंधांना सूज येते, आणि सांध्यातल्या पाण्यात तो निम्म्याहून कमी वेळा वाढतो, म्हणून योनिमार्गाचा नमुनाही वेगळा पाठवावा लागतो. मायकोप्लाझ्मा होमिनिस हा दुसरा लबाड जंतू. त्याला पेशीभित्तिकाच नसल्यामुळे तो नेहमीच्या रंगाने दिसत नाही, पेनिसिलिन आणि सेफॅलोस्पोरिन वर्गातली औषधे त्याला शिवत नाहीत, आणि तो संथपणे व विशेष माध्यमावर वाढतो. चांगली प्रतिजैविके देऊनही बाळंतिणीचा ताप आणि सांध्याचे दुखणे हटत नसेल आणि कल्चर कोरे असेल, तर प्रयोगशाळेला त्याचे नाव घेऊन विचारावे लागते. आठवडे-महिने धिम्या चालीने वाढणाऱ्या दुखण्यात क्षयरोग आणि जनावरांपासून होणारा ब्रुसेलोसिस यांचाही विचार व्हावा, कारण या दोघांनाही सॅक्रोइलिॲक सांधा आवडतो.

सांध्याचे प्रत्येक बळावलेले दुखणे संसर्गाचेच असते असे अर्थात नाही. ज्यांना आमवात आहे त्यांचे सांधे गरोदरपणात पुष्कळदा शांत राहतात आणि प्रसूतीनंतरच्या पहिल्या काही महिन्यांत उसळी घेतात. तेथे सुजलेले सांधे अनेक असतात. त्रिकास्थीला बारीक चीर पडणे, शेवटच्या तिमाहीत खुब्याचे हाड तात्पुरते विरळ होणे, पायाच्या किंवा ओटीपोटाच्या शिरेत गुठळी होणे, कण्यापासून मांडीकडे जाणाऱ्या सोआस स्नायूत पू होणे, कमरेतून भूल दिलेली असल्यास मणक्याच्या कालव्यात पू होणे, अशी लांबलचक यादी आहे. शेवटच्या प्रकारात पायांतले बळ जाऊ लागते किंवा लघवी अडते, आणि मग प्रश्न दिवसांचा राहत नाही, तासांचा होतो. या यादीतला एकही आजार 'सहा आठवडे थांबा' या सल्ल्यात बसत नाही, एवढे येथे नोंदवते.

निदान लांबण्याचे आणखी एक कारण फारसे बोलले जात नाही. स्तनपान थांबवावे लागेल या भीतीने बाळंतिणी स्वतःच तपासण्या टाळतात, आणि डॉक्टरही त्यांना एमआरआयनंतर दूध पिळून टाकायला सांगून ती भीती वाढवतात. एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात. त्यासाठी शिरेतून दिले जाणारे गॅडोलिनियमचे औषध आईला मिळालेल्या मात्रेच्या 0.04 टक्क्यांहूनही कमी प्रमाणात दुधात उतरते आणि त्यातलाही अगदी थोडा अंश बाळाच्या आतड्यातून शोषला जातो; त्यासाठी स्तनपान थांबवण्याची गरज नाही. साध्या एक्स-रेने किंवा सीटीने दूध बिघडत नाही. सांध्याच्या संसर्गात प्रथम दिली जाणारी पेनिसिलिन आणि सेफॅलोस्पोरिन वर्गातली औषधेही स्तनपान चालू ठेवून देता येतात. उपचार चार ते सहा आठवडे चालतात, त्यांतले पहिले काही दिवस ते दोन आठवडे शिरेतून. खुब्यातला पू मात्र औषधांवर विसंबून न ठेवता काढून टाकावा लागतो. इतक्या दीर्घ उपचारात आई आणि बाळ एकत्र राहतील अशी सोय रुग्णालयाने केली, तर बाई उपचार अर्ध्यावर सोडून घरी जाणार नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 च्या मार्गदर्शनानुसार बाळंतिणीची तपासणी पहिल्या 24 तासांत, मग 48 ते 72 तासांच्या दरम्यान, मग सातव्या ते चौदाव्या दिवसात आणि शेवटी सहाव्या आठवड्यात व्हायला हवी. त्या भेटींत विचारायच्या गोष्टींत पाठदुखीचा समावेशही आहे. म्हणजे प्रश्न विचारला जातो. उत्तर आल्यावर काय करायचे हे ठरलेले नसते. शिवाय चौदाव्या दिवसानंतर थेट सहावा आठवडा उजाडतो, आणि मधल्या चार आठवड्यांत बळावणारे दुखणे ज्याच्या त्याच्या अंदाजावर सोडलेले असते. रक्तस्राव वाढला, दुर्गंधी आली, ताप चढला तर परत या, असे घरी सोडताना दिल्या जाणाऱ्या कागदावर छापलेले असते. त्याच कागदावर 'एका बाजूचे कंबर, नितंब किंवा जांघेचे दुखणे वाढत असेल, किंवा त्या पायावर उभे राहता येत नसेल, तर ताप नसला तरी त्याच दिवशी दाखवा' ही एक ओळ वाढवायला काही खर्च येत नाही. मी निवृत्तीपूर्वीची शेवटची काही वर्षे ती हाताने लिहून देत असे. तिच्यामुळे परत आलेल्या बहुतेकींना काही नव्हते आणि त्या तासाभरात निश्चिंत होऊन घरी गेल्या. दोघींना होते, आणि दोघींचेही निदान पहिल्याच आठवड्यात झाले.

माझी ती पहिली रुग्ण बरी झाली. सहा आठवड्यांच्या औषधांनंतर ती चालू लागली, परंतु जिना चढताना उजवी बाजू अजून दुखते असे ती सांगते. आपल्या लेखिकेला माझी विनंती आहे की त्यांचा लेख पुढे कधी पुन्हा छापला गेला, तर 'सहा आठवडे थांबा' या वाक्याच्या अलीकडे वरची ओळ घालावी, आणि ती घालताना 'ताप नसला तरी' हे तीन शब्द गाळू नयेत.

आपली,
एक निवृत्त प्रसूतितज्ज्ञ